बाळाचा पाळणा, झोळी की कॉट: निवड, तपासणी आणि मांडणी

पाळणा बघायला बाहेर पडण्याआधी एक गोष्ट घरात बसून ठरवा. बाळ पहिले काही महिने राहणार कुठे? आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुतेक वेळा माहेरी होतं. सव्वा महिना, कधी तीन महिने बाळ आजोळी असतं आणि मग सासरी येतं. झोपायची सोय दोन घरांत लागते. होतं असं की सासरी मोठी सुंदर कॉट मागवलेली असते आणि आजोळी मात्र बाळ मोठ्यांच्या गादीवर, दोन उशांच्या मध्ये झोपतं. झोपेत अचानक होणारे बालमृत्यू बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत होतात, त्यातही पहिला ते चौथा महिना सगळ्यात जोखमीचा. म्हणजे सगळ्यात नाजूक दिवस नेमके बिनतयारीच्या घरात जातात. म्हणून खर्चाची वाटणी उलटी करा: आजोळी साधी पण सुरक्षित जागा आधी, मोठी कॉट नंतर.

बाळ जन्मण्याआधी घरात पाळणा आणायचा नाही, असं पुष्कळ घरांत मानतात. त्यावरून वाद घालायची काहीच गरज नाही. जागा मोजून ठेवा, दुकानात जाऊन तपासणी करा, पैसे ठरवा आणि 'निरोप आला की पाठवा' असं सांगून या. मात्र लाकडी वस्तू बनवून घेणार असाल तर ती आधीच तयार होऊन दुसऱ्या कोणाच्या तरी घरी वाऱ्यावर राहायला हवी. ताज्या पॉलिशचा वास असलेली कॉट नवजात बाळाच्या खोलीत नको.

तीन शब्द लक्षात ठेवा

सपाट, घट्ट, रिकामी. बाळाची झोपायची जागा अशी हवी. रंग, नक्षी, संगीत, आपोआप झुलणारी मोटर या सगळ्या गोष्टी याच्या पुढच्या.

सपाट का? तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान लेची असते. जागा उतरती किंवा खोलगट असली की हनुवटी छातीवर टेकते आणि आधीच अरुंद असलेली श्वासाची वाट दबते. बाळ रडत नाही, धडपडत नाही, त्यामुळे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. अमेरिकेत बाळाला तिरकं झोपवणारे पाळणे घरोघर होते. 'रॉक अँड प्ले' नावाचा असाच एक पाळणा २०१९ मध्ये कंपनीने परत मागवला, त्याचे सुमारे ४७ लाख नग विकले गेले होते. २०२२ मध्ये तिथे कायदाच झाला: झोपेसाठी विकल्या जाणाऱ्या साधनाचा उतार १० अंशांपेक्षा जास्त असेल तर ते विकता येत नाही. आपल्या बाजारात अशी तिरकी साधनं अजूनही दिसतात. जागेपणी, डोळ्यांसमोर पाच-दहा मिनिटं ठीक. झोपेसाठी नाही.

घट्ट का, तर मऊ गादीत तोंड रुतलं की नवजात बाळाला मान फिरवून ते सोडवता येत नाही. रिकामी का, ते पुढे सांगते, कारण घरातले खरे मतभेद तिथेच होतात.

आपल्याकडे मिळणारे प्रकार

झोळी. साडीची किंवा धोतराची झोळी ही गरजेतून आलेली सोय आहे, तिला नाक मुरडू नये. ऊसतोडीला गेलेली बाई बाभळीला झोळी बांधते, कारण जमिनीवर मुंग्या असतात, विंचू असतात. पण झोळीचा आकारच खोलगट. तिच्यात पाठ वाकते, हनुवटी खाली येते, दोन्ही बाजूंचं कापड तोंडाजवळ मिटतं आणि उन्हाळ्यात आत कोंडतं. म्हणून झोळी ही रडणाऱ्या बाळाला शांत करण्यापुरती आणि कोणीतरी शेजारी बसलेलं असतानाच. बाळ झोपलं की उचलून सपाट जागेवर उताणं ठेवायचं. शेतावर असाल तर सुती, रुंद कापड घ्या, तोंड कायम उघडं दिसेल असं बांधा आणि नजर हटू देऊ नका.

झोळीचा दुसरा धोका बाळाला नसतो, त्याच्या मोठ्या भावंडाला असतो. चार ते दहा वर्षांची मुलं रिकाम्या झोळीत बसून गोल गोल फिरतात, कापडाला पीळ बसतो आणि तो गळ्याभोवती आवळतो. अशा दुर्घटना आपल्याकडे खरोखर घडल्या आहेत. उपाय साधा आहे: बाळाला बाहेर काढलं की झोळी सोडायची, किंवा गुंडाळून मुलांचा हात पोचणार नाही इतकी वर बांधायची. रोज, प्रत्येक वेळी.

स्प्रिंगची झोळी. छताला हूक, हुकाला स्प्रिंग आणि स्प्रिंगला कापडी झोळी. झोळीचे सगळे दोष इथे आहेतच, वर स्प्रिंग थकण्याचा आणि हूक निसटण्याचा धोका. घरात आधीच असेल तर हूक काँक्रीटच्या स्लॅबमध्ये किंवा तुळईत आहे ना, ते पाहा. हल्लीच्या फ्लॅटमध्ये पीओपीचं छत असतं. ते दिसायला भक्कम, पण वजन घेणारं नव्हे. स्प्रिंगला समांतर एक जाड दोर किंवा साखळी हवी, म्हणजे स्प्रिंग तुटली तरी झोळी खाली पडणार नाही. आणि झोळीचा तळ जमिनीपासून हातभरापेक्षा उंच नको.

घडीचा पाळणा. स्टीलच्या पाइपची चौकट, त्यात टांगलेलं कापड आणि वर मच्छरदाणी. तालुक्याच्या बाजारात सगळ्यात जास्त हाच विकला जातो. घ्यायचा असेल तर तळाला सपाट फळी असलेलाच घ्या. कापड नुसतं लोंबत असेल तर ती नाव बदललेली झोळीच. पाइपांची तोंडं टोप्यांनी बंद हवीत आणि घडी उघडल्यावर बसणारी कडी मुलाच्या हाताने सुटणारी नको.

लाकडी पाळणा. दोन खांबांमध्ये टांगलेला, कड्यांवर झुलणारा. बारशाला याच्याइतकं शोभून दिसणारं काही नाही. याला तळ सपाट असतो, ही मोठी जमेची बाजू. पण दोन गोष्टी पाहाव्याच लागतात. हात सोडल्यावर पाळणा आपोआप पातळीत येऊन थांबतो का? एका अंगाला झुकत असेल तर बाळ घसरत त्या कडेला जातं आणि तोंड कठड्याला चिकटतं. आणि झुलणं बंद करणारी खीळ आहे का? बाळ झोपल्यावर पाळणा स्थिर करता आला पाहिजे. पालथं पडायला लागलेल्या बाळाला झुलत्या पाळण्यात ठेवू नये, म्हणजे साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंतच याचा उपयोग.

कठड्याची कॉट. चार पायांवर उभी, न हलणारी, चारही बाजूंना उभे गज. जागा खाते, महाग असते, पण जन्मापासून दोन-अडीच वर्षांपर्यंत चालते. एकच वस्तू घेण्याची ऐपत असेल तर मी हीच घ्यायला सांगेन. पाळणा बारशापुरता शेजाऱ्यांकडून किंवा भाड्याने आणता येतो.

जाळीचं घडीचं प्लेपेन. प्रवासाला आणि दोन घरांच्या ये-जा करण्याला सोयीचं, आजोळसाठी तर उत्तम. जाळीची भोकं बारीक हवीत, शर्टाचं बटण आत जाऊ नये इतकी. त्याच्यासोबत आलेलं पातळ गादीवजा पॅड कडक लागतं म्हणून वर दुसरी गादी टाकायचा मोह होतो. ती टाकू नका. कडेला फट पडते आणि बाळ जाळी व गादीच्या मध्ये अडकतं.

यातलं काहीच परवडणारं नसेल तर? जमिनीवर एक पातळ, घट्ट गादी, त्यावर ताणून बसवलेली चादर, मोठ्यांच्या अंथरुणापासून हातभर लांब, भिंतीला न टेकवता. मुंग्या-उंदरांचा बंदोबस्त करून ही जागा महागड्या मऊ पाळण्यापेक्षा चांगली. फिनलंडमध्ये १९३८ पासून सरकार बाळंतिणींना कपड्यांची भेट देतं आणि ती ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येते तेच खोकं, तळाशी लहान गादी घालून, कित्येक बाळांचं पहिलं अंथरुण झालं. सुरक्षित जागेसाठी पैसा लागतोच असं नाही. विणलेली बाज मात्र नको. ती मध्ये खचते.

दुकानात टेप घेऊन जा

विक्रेता काय सांगतो ते ऐका, पण माप तुम्ही घ्या.

पहिलं माप दोन गजांमधल्या फटीचं. ती ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. यामागे कारण आहे: बाळ पायाकडून सरकत फटीतून बाहेर जातं, धड निघतं आणि डोकं अडकतं. परदेशातल्या सल्ल्यांत 'कोल्ड्रिंकचा कॅन आरपार जाता कामा नये' अशी सोपी खूण दिलेली असते. तो जाड कॅन साधारण ६.६ सेंटिमीटरचा. आपल्याकडे मिळणारा सडपातळ कॅन त्याहून जवळपास सेंटिमीटरभर बारीक असतो, तेव्हा त्याच्यावर विसंबू नका. टेपच लावा. फट फार अरुंद असली तरी हात-पाय अडकतात, म्हणून साडेचार ते सहा सेंटिमीटर हे माप उत्तम. नक्षीची भोकं, मोर-पोपटांची कोरीव कटाई असलेले कठडे टाळा. डोकं किंवा हात अडकण्यासारखे आकार त्यातच जास्त असतात.

दुसरं माप उंचीचं. तळ सर्वांत खालच्या खाचेत असताना गादीच्या वरच्या पृष्ठापासून कठड्याच्या वरच्या काठापर्यंत किमान ५० सेंटिमीटर हवेत. सर्वांत वरच्या खाचेत, म्हणजे नवजात बाळासाठी, किमान २०. गादीसकट मोजा. दुकानात गादीविना मोजलेली उंची घरी गेल्यावर दहा-बारा सेंटिमीटरने कमी होते.

मग कोपरे. कोपऱ्यांच्या खांबांवर लट्टू, कळस, फूल असं काही वर आलेलं नको. खांब कठड्याच्या पातळीतच संपावा. उभं राहायला लागलेल्या बाळाच्या अंगरख्याचा गळा किंवा गळ्यातला दोरा अशा लट्टूत अडकला तर फास बसतो. टांगत्या पाळण्याचे उंच खांब याला अपवाद, कारण तिथपर्यंत कापड पोचत नाही.

एक बाजू खाली सरकणारी कॉट घेऊ नका. वाकायला लागत नाही म्हणून ती सोयीची वाटते, पण सरकत्या बाजूच्या खिट्या झिजतात, बाजू अर्धवट सुटते आणि तयार होणाऱ्या फटीत बाळ अडकतं. अमेरिकेत २००० पासूनच्या दहा वर्षांत अशा कॉटमुळे किमान ३२ बालमृत्यू झाल्याची नोंद झाली आणि २८ जून २०११ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आली. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ओळखीतून आलेली जुनी कॉट घेताना ती या तारखेआधीची नाही ना, एवढं तरी तपासावं. जुना माल इकडेतिकडे फिरत राहतो.

शेवटी कॉट दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. करकर आवाज, डगमग, एखादा गज बोटाने फिरणारा, असं काही आढळलं तर ती जागीच सोडा. तळाच्या फळीवर मधोमध तळहाताने दाब द्या. ती लवता कामा नये. चाकं असतील तर निदान दोन चाकांना लॉक हवा. आतून सगळीकडे हात फिरवा, कुसळं लागतात का, स्क्रूची टोकं वर आली आहेत का ते बोटांना डोळ्यांपेक्षा लवकर कळतं.

सुताराकडून बनवून घेणार असाल

गावात हा मार्ग अजूनही सर्वांत चांगला असू शकतो. सागवान टिकतं, आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं, पण त्याला भुंगा लवकर लागतो. लाकूड कोणतंही असो, वाळलेलं हवं. ओल्या लाकडाची कॉट चार महिन्यांत पिळते आणि गज सैल होतात.

सुतारदादांना तोंडी सांगू नका, कागदावर मापं लिहून द्या. आतून लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ६० सेंटिमीटर. या मापाच्या गाद्या तयार मिळतात. गजांमधली फट ५ ते ६ सेंटिमीटर. तळ दोन उंचींवर बसवता यावा. चारही बाजू पक्क्या, एकही बाजू सरकती किंवा बिजागरीवर उघडणारी नको. कठड्याला आतून आडवी पट्टी नको, कारण त्या पट्टीवर पाय देऊन मूल चढतं. जोड खिळ्यांचे नकोत, नट-बोल्टचे हवेत, आणि बोल्टचं डोकं आत खोल बसवलेलं. सगळे काठ रंध्याने गोल करून पॉलिश पेपर मारलेले.

रंगाबद्दल आग्रह धरा. दात येताना बाळ कठडा कुरतडतं, आणि तोंडाच्या उंचीवर असलेली वस्तू तीच असते. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरली. तो नियम २०१६ चा, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसा उल्लेख असतो, तो वाचा. सुताराच्या दुकानात कोपऱ्यात पडलेल्या जुन्या डब्यातला रंग वापरू देऊ नका. खरं तर रंग न लावता, गुळगुळीत घासून साधं पॉलिश दिलेली आणि महिनाभर वाळवलेली कॉट मला सर्वांत पसंत.

घरातला जुना पाळणा

आजोबा ज्या पाळण्यात झोपले त्यात नातवाला घालायची इच्छा फार मायेची असते. ती पुरी करता येते, पण आधी तपासणी हवी. बहुतेक जुन्या पाळण्यांत फटी रुंद असतात. तसं असेल तर तो बारशाच्या विधीपुरता वापरा: नाव ठेवा, वरवंटा ठेवा, पाळणा म्हणा, फोटो काढा आणि झोपायला बाळ दुसरीकडे. झेंडूच्या माळा, फुगे, झिरमिळ्या आणि दिव्यांच्या तारा त्याच संध्याकाळी काढून टाका. फुटलेल्या फुग्याचा तुकडा बाळाच्या घशात बसला तर काढणं अतिशय अवघड असतं.

फटी ठीक असल्या तर कड्या आणि साखळ्या बघा. कोकणात खारट हवेने लोखंड आतून खाल्लेलं असतं, वरून रंग छान दिसतो. साखळीची कडी जिथे दुसऱ्या कडीवर घासते तिथे ती बारीक झालेली असेल तर साखळी बदला. जुना ऑइल पेंट निघत असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. तो खरवडण्याचं काम घराबाहेर, मोकळ्यावर, तोंडाला मास्क लावून व्हावं आणि गरोदर बाई त्या धुळीच्या आसपासही नसावी.

गादी

गादी पाळण्यापेक्षा महत्त्वाची आहे, आणि दुर्दैवाने ती शेवटी, घाईत घेतली जाते. पिंजलेल्या कापसाची गादी आपल्याला प्रिय. पण नवी असताना ती फुगीर आणि मऊ असते, जुनी झाली की गोळे होऊन मध्ये खड्डा पडतो. बाळासाठी दोन्ही वाईट. कडक फोमची किंवा काथ्यावर फोम असलेली गादी घ्या. तिच्यावर तळहात पाच-दहा सेकंद दाबून उचला. हाताचा ठसा राहिला तर ती बाळासाठी मऊ आहे. मोठ्या माणसाला झोपायला कडक वाटेल अशीच गादी बाळाला हवी. बाळाची पाठ दुखेल अशी काळजी आजी व्यक्त करेल, पण तीन-चार किलोच्या बाळाला ती गादी आपल्याला लागते तशी लागत नाही.

गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट नको, चारही बाजूंना. फट असेल तर त्यात दुपटी कोंबून भरू नका, गादी बदला. गादीची जाडी १५ सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवा. वर पातळ जलरोधक आवरण आणि त्यावर लवचीक कडांची, ताणून बसणारी सुती चादर, एवढंच. सैल पसरलेलं प्लास्टिक धोकादायक, ते तोंडाला चिकटतं. नव्या गादीवरचं पारदर्शक वेष्टन 'खराब होऊ नये' म्हणून तसंच ठेवलेलं मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. ते पहिल्याच दिवशी काढा.

आत काय ठेवायचं

बाळ. बाकी काही नाही.

इथे घरातल्या मोठ्यांशी बोलणं येतं, आणि ते प्रेमानेच व्हायला हवं. बाळंतविड्यात आलेली राईची उशी, डोकं गोल व्हावं म्हणून. ती नको. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये म्हणून रोज बाळाची दिशा बदला, आज डोकं इकडे तर उद्या तिकडे, आणि जागं असताना तुमच्या डोळ्यांसमोर थोडा वेळ पालथं ठेवा. मान बळकट होते आणि डोक्यालाही विश्रांती मिळते. आजीची गोधडी बाळाच्या अंगाखाली जागेपणी, खेळताना, मालिशच्या वेळी जरूर वापरा. झोपेत तोंडावर येऊ शकेल असं काहीही पाळण्यात नसावं: गोधडी, सैल दुपटं, मऊ बाहुल्या, तक्के. कठड्याला आतून बांधायच्या गाद्या सेटसोबत फुकट मिळतात आणि डोकं आपटू नये म्हणून त्या बांधाव्याशा वाटतात. गजावर डोकं आपटून बाळाला फार तर टेंगूळ येईल. गादीत नाक दबून श्वास कोंडेल. त्या अमेरिकेत २०२२ च्या त्याच कायद्याने बंद झाल्या.

थंडी असेल तर पांघरूण वाढवण्यापेक्षा कपडा वाढवा. तुम्ही जितके कपडे घातले आहेत त्याहून एक जास्त, हा साधा अंदाज. टोपडं बाहेर जाताना घाला. घरात झोपेत ते डोळ्या-नाकावर सरकतं आणि डोकं तापतं. बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तसंच करा. काळा दोरा दृष्टीसाठी बांधायचाच असेल तर गळ्यात नको, पायात बांधा, आणि झोपताना तोही सैल राहिलेला नाही ना पाहा.

आणि बाळ उताणंच झोपवा, रात्री आणि दुपारीही. उताण्या बाळाची उलटी घशात जाईल ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. शरीराची रचना उलट सांगते: बाळ उताणं असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध खाली अन्ननलिकेकडेच परततं. पालथं असताना ते श्वासनलिकेच्या तोंडाशी येतं. अमेरिकेत १९९४ मध्ये उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेतल्या अनाकलनीय बालमृत्यूंचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. बाळ स्वतःहून दोन्हीकडे वळायला लागल्यावर त्याला रात्रभर परत परत सरळ करत बसायची गरज नाही. पण वळण्याची पहिली चिन्हं दिसताच दुपट्यात गच्च गुंडाळणं थांबवा, कारण हात बांधलेले असताना पालथं पडलेलं बाळ तोंड वर काढू शकत नाही.

पाळणा लावायचा कुठे

पहिले सहा महिने तरी आईच्या खोलीत, पण वेगळ्या पृष्ठभागावर. आईच्या पलंगाला लागून हात पोचेल इतक्या अंतरावर कॉट ठेवली की रात्री पाजणं सोपं जातं. पाजताना आई पलंगावर डुलकी घेईल हे गृहीत धरून तिथली उशी-पांघरुणं बाजूला सारून ठेवा, जाग आली की बाळ परत कॉटमध्ये. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोपणं याहून कितीतरी धोक्याचं आहे. सिगारेट ओढणारं किंवा दारू प्यायलेलं माणूस बाळाशेजारी झोपता कामा नये, मग ते कोणीही असो.

खिडकीपासून लांब ठेवा. पडद्याची दोरी, चार्जरची वायर, एसीचा पाइप, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी, हे सगळं बाळाच्या हाताच्या टप्प्याबाहेर हवं. वर भिंतीवर फळी, फोटोफ्रेम, घड्याळ नको. पंख्याच्या बरोबर खाली पाळणा ठेवण्याऐवजी थोडा बाजूला घ्या. हवा खेळती राहिली म्हणजे पुरे.

डास ही आपल्याकडची खरी अडचण. डेंग्यू, मलेरियाच्या दिवसांत मच्छरदाणी हवीच. कॉटवर बाहेरून ताणून बसणारी, चारही बाजूंनी खाली गादीखाली खोचलेली जाळी उत्तम. सैल लोंबणारी जाळी बाळ ओढून घेतं. धुराची कॉइल बाळाच्या खोलीत लावू नका.

शेक-शेगडीबद्दल थोडं कडक बोलते. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग टाकून धुरी देण्याची पद्धत आहे, आणि काही घरांत ती शेगडी पाळण्याखाली सरकवतात. बंद खोलीत निखाऱ्यांमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. शिवाय लोंबणारं कापड पेटायला एक ठिणगी पुरे. पाळण्याच्या खोलीत शेगडी नको. शास्त्र म्हणून करायचंच असेल तर ती दुसऱ्या, उघड्या जागेत करा, बाळ तिथे नसताना.

पाळण्यावर टांगायचं चिमण्यांचं झुंबर बाळाला खूप आवडतं. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते पाहून घ्या. झुंबर बाळाच्या हाताला लागणार नाही इतकं उंच हवं आणि कोणतीही दोरी वीतभरापेक्षा लांब नको. बाळ हाता-गुडघ्यांवर येऊ लागलं की झुंबर उतरवा.

बाळ वाढतं तसं

बाळ आधार न घेता बसायला लागण्याआधीच कॉटचा तळ एक खाच खाली घ्या, उभं राहायचा प्रयत्न करण्याआधी सर्वांत खाली. बाळ बसलेलं बघून मग खाली घ्यायचं ठरवलं तर तेवढ्यात ते कठड्यावरून वाकून पडतं. उभं राहणाऱ्या मुलाच्या कॉटमध्ये मोठं खेळणं किंवा उशी असेल तर ती शिडी होते.

दर महिन्याला एकदा सगळे बोल्ट आवळा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, त्यामुळे जूनमध्ये घट्ट असलेला जोड मार्चमध्ये हलतो. एखादा बोल्ट हरवला तर त्या जागी तार किंवा सुतळी बांधून काम चालवू नका. कॉट तेवढे दिवस बाजूला ठेवा आणि त्याच मापाचा बोल्ट आणा.

मुलाची उंची साधारण ८९ सेंटिमीटर झाली, किंवा कठडा छातीच्या खाली आला, किंवा त्याने एकदा जरी पाय वर टाकला, तर कॉटचं काम संपलं. मग जमिनीवर गादी. काहींना हे दीड वर्षातच करावं लागतं, काहींना तिसऱ्या वर्षी.

कॉट पुढे नात्यात द्यायची असेल तर ती सुटी करताना सगळे नट-बोल्ट एका पिशवीत भरून तळाच्या फळीला चिकटवा, जोडणीचा कागद नसेल तर सुटी करण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढून ते पाठवा. गादी सहसा देऊ नका, ती नव्या बाळासाठी नवीच असावी. एखादा गज तडकलेला असेल किंवा जोड दुरुस्तीपलीकडे गेला असेल तर ती कॉट कोणालाही देऊ नका, भंगारात टाकतानाही तोडून टाका, नाहीतर ती दुसऱ्या कोणाच्या तरी बाळाखाली जाते.